पात्याचे पाणी

सुरी कशाने घडते असे विचारले तर कोणीही अग्नीचे आणि हातोड्याचे नाव घेईल, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु अग्नी लोखंडाला मऊ करतो, हातोडा त्याला आकार देतो, आणि हे दोन्ही संस्कार यथासांग होऊनही ऐरणीवरून जे खाली उतरते ते अजून सुरीच्या आकाराचे लोखंडच असते. त्याने कांदा चिरता येईल, पण हाडाला लागताच त्याची कड दुमडेल आणि चार दिवसांत धारेचा मागमूस उरणार नाही. सुरीला सुरीपण येते ते पाण्याने. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्या घिसाड्याच्या ऐरणीशेजारी पोचे आलेल्या घमेल्यात जे दोन-चार तांबे पाणी असते, कोळशाच्या भुकटीने काळवंडलेले, कोणी पाय धुवायलाही घेणार नाही असे, त्या पाण्यात तिचा खरा जन्म होतो. या क्रियेला आपल्याकडे पाणी पाजणे म्हणतात, पाणी देणे म्हणतात. त्या एका पाण्यापाशी आज थोडे थांबू.

हे पाणी देणारे हात कोणाचे, ते आधी पाहू. गावाला आपला लोहार असे, त्याचा भाता गावातच कायमचा बसलेला असे. घिसाडी मात्र फिरता. चव्हाण, सोळंकी, पवार अशी राजपूत कुळांची आडनावे तो लावतो, त्याच्या घरच्या बोलीत गुजराती-राजस्थानीचा रंग असतो, आपली मुळे तो उत्तरेकडे सांगतो, आणि राजस्थानातला बैलगाडीवर संसार थाटून हिंडणारा गाडिया लोहार हा त्याचा भाऊबंदच म्हणायचा. पालासमोर जमिनीत रोवलेली ऐरण, तिच्याजवळ खणलेला खळगा हीच भट्टी, तिला वारा घालायला पूर्वी चामड्याचा भाता आणि आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा, एवढ्यावर कारखाना उभा राहतो. पुरुष बसून सांडशीत तापलेले लोखंड धरतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोड्याने जागा दाखवतो, आणि त्याची बायको उभ्याने दोन्ही हातांनी घण डोक्यावरून आणून नेमका त्याच जागी घालते. हातोडा ऐरणीवर नुसता वाजला की थांबायचे, तिरपा पडला की लोखंड फिरणार असे समजायचे. बोलणे जवळजवळ नसतेच. पंखा बहुधा पोर फिरवते. शाळेच्या वेळेला ते पोर पंख्यापाशी असते, आणि ही गोष्ट मला कधी काव्यमय वाटलेली नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता पाण्याचा पहिला नियम ऐका. पाणी सगळ्यांनाच चढत नाही. बांधकामावरची सळई घ्या, खिडकीचा गज घ्या, तो लालबुंद करून हजार वेळा पाण्यात बुडवा, तो जवळजवळ होता तसाच मऊ राहील, कारण त्याच्या पोटात कार्बन पुरेसा नाही. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा घ्या, झिजलेली कानस घ्या. पाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडासाच अधिक, कानशीत एक टक्क्याच्या आसपास, पण एवढ्याने त्यांची जात बदलते आणि पाणी त्यांच्यात मुरते. म्हणून फिरत्या लोहाराची पहिली विद्या भंगाराच्या ढिगाशी सुरू होते: तुकडा सहाणेच्या चाकाला लावायचा आणि ठिणग्या पाहायच्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेषांत जातात. पाणी घेणाऱ्या पोलादाची ठिणगी टोकाशी फुटते, तिला फाटे येतात. आपले आचार्य ज्याला अधिकार म्हणत आले तो याहून फार वेगळा नसावा. उपदेश एकच असतो, गंगाही एकच असते, परंतु आत धरून ठेवणारे काही असेल तरच तिचा स्पर्श माणसाला पालटून टाकतो. आणि ते जे काही असते त्याचे प्रमाण पाहू जाता अगदी थोडे असते, शंभरात अर्धा भाग. अनेक मोठ्या मनाची माणसे आपल्यात ते आहे की नाही या शंकेने खचतात. ठिणगी पडल्यावाचून ते कळायचे नाही.

दुसरा नियम वेळेचा. तापत गेलेले लोखंड साधारण ७७० अंश सेल्सियसला लोहचुंबकाला ओळख देईनासे होते, आणि त्याच्या थोडे पुढे त्याची आतली घडी मोकळी होऊन कार्बन त्यात विरघळतो. नेमक्या त्या अवस्थेत ते एकाएकी थंड केले तर विरघळलेल्या कार्बनाला वेगळे व्हायला अवसर मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो, सारी रचना ताणली जाते, आणि त्या ताणाचेच नाव कठीणपणा. पालात तापमापक नसतो. डाळिंबी लालाच्या पुढे आणि उजळ नारिंगीच्या अलीकडे जो एक रंग आहे तो डोळ्यांत भरलेला असतो, तेवढाच आधार. म्हणून तर घिसाडी ऐरण झाडाच्या सावलीत रोवतो आणि पाणी देण्याचे काम भर दुपारी टाळतो. उन्हात तापाचा रंग मंद भासतो, त्याला फसून कोणी अधिक तापवत बसला तर पाते जळते, आणि जळलेल्या पात्याला कोणतेच पाणी लागत नाही.

आणि आता तो क्षण जवळून पाहा. लोहार अख्खे पाते बुडवत नाही. सांडशीने ते आडवे धरून तो फक्त धारेची कड, पेरभर, पाण्यात उतरवतो; पाठ वर कोरडी आणि लाल राहते. चर्र असा आवाज होतो, आणि तो पाते स्थिर न ठेवता लांबीच्या दिशेने पुढेमागे हलवत राहतो, कारण तापलेल्या लोखंडाभोवती वाफेचे एक कवच तयार होते, पाणी तिथे असूनही पोचत नाही, आणि कुठे पोचले, कुठे नाही असे झाले की पाते वाकडे होते किंवा त्याला तडा जातो. पाण्यात मूठभर मीठ टाकले तर ते कवच लवकर मोडते. कमानीचा पाटा हे खरे म्हणजे तेलात विझवण्याच्या जातीचे पोलाद, पाणी त्याला फार कडक पडते. म्हणून त्याचा पाण्यातला मुक्काम दोन श्वासांचा, अधिक नाही.

बाहेर आलेली ती कड कठीण झालेली असते, इतकी की तिच्यावरून कानस घसरते. आणि नेमकी हीच तिची सर्वांत नाजूक अवस्था. दगडावर पडली तर तुकडा उडेल, पिळली तर मोडेल. जो इथेच थांबला त्याने अर्धेच पाणी दिले. जाणता लोहार विटेच्या तुकड्याने कडेवरची काळी खपली भराभर घासून चकचकीत पट्टी उघडी करतो आणि तिच्याकडे टक लावून बसतो. जी पाठ त्याने बुडवली नव्हती, तिच्यात राहिलेली ऊब आता हळूहळू धारेकडे उतरू लागते, आणि त्या पट्टीवर रंग चालू लागतात: आधी वाळल्या कडब्यासारखा फिकट पिवळा, त्यामागून तपकिरी, त्यामागून वांगी, शेवटी निळा. पिवळा येतो २२० ते २३० अंशांच्या आसपास, निळा ३०० अंशांशी. स्वयंपाकाच्या सुरीला पिवळ्या-तपकिरीच्या हद्दीत थांबवायचे, तिची धार टिकली पाहिजे. कोयत्याला आणि कुऱ्हाडीला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे, त्यांना घाव सोसायचे आहेत. हवा तो रंग धारेला टेकला की सगळे पाते पाण्यात. पहिल्या पाण्याने कठीणपणा दिला होता. मग त्यातला थोडा परत घेतला गेला. दुसऱ्या पाण्याने हे परत घेणे योग्य जागी थांबवले. हा सगळा व्यवहार पाव मिनिटाचा असतो आणि तो शिकायला अर्धे आयुष्य जाते.

सज्जनहो, पाणी या शब्दापाशी मी वर्षानुवर्षे घुटमळतो तो या परत घेण्यासाठी. साधनेच्या वाटेवर पहिल्या पाण्याचे कौतुक फार होते. कोणी उपवास धरले, कोणी मौन धरले, कोणी घरादाराकडे पाठ फिरवली, की आपण त्याच्या कठोरपणाला नमस्कार करतो, आणि नव्याने विझवलेल्या पात्यासारखा तो मनुष्य काही दिवस खरोखरच धारदार दिसतो; मग एखादा अनपेक्षित घाव येतो, जवळचे कोणी जाते, कोणी चारचौघांत अपमान करते, आणि ते वैराग्य वाकत नाही, एकदम मोडते. त्यात लोखंडाचा दोष नसतो आणि पाण्याचाही नसतो. ते परत घेणे, म्हणजे उतार देणे, राहून गेलेले असते. आणि उतार देणारी ऊब बाहेरून आणायची नसते, ती त्याच्याच पाठीत असते, त्याने बुडवली नाही म्हणून उरलेली: आईच्या हातची आठवण, लेकरांविषयीची माया, गावच्या देवळातल्या भजनाची गोडी. पाठ कोरडी ठेवण्यात कच्चेपणा आहे असे मानून जो अख्खे पाते बुडवतो, त्याला पुढे दुसऱ्या कुठल्या तरी विस्तवावर ती ऊब मागत फिरावे लागते.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात संसाररूपी अश्वत्थ तोडायला असंगाचे शस्त्र सांगितले आहे, आणि त्या शस्त्राला विशेषण दिले आहे ते दृढ असण्याचे. माझे लक्ष त्या विशेषणावर खिळते. तीक्ष्णता तर शस्त्रात गृहीतच आहे. दृढ तेच, जे तोडतानाच्या आघाताने स्वतः तुटत नाही. ज्ञानेश्वर महाराज या स्थळी हे हत्यार निश्चयाच्या मुठीत धरायला सांगतात, मननाने तोलायला सांगतात, आणि निदिध्यासाने हत्यार व हत्यार चालवणारा एक होईपर्यंत थांबायला सांगतात. घाई कुठेच नाही. पात्यावर चालणाऱ्या रंगांकडे पाहत बसलेला लोहार मला त्या ओव्यांचा सर्वांत जवळचा श्रोता वाटतो, त्याने त्या ऐकल्या असोत वा नसोत. आणि कठोपनिषदाने तर परमार्थाच्या वाटेलाच वस्तऱ्याची धार म्हटले आहे; घिसाड्याच्या संसारात वाट आणि धार एकाच पालात नांदतात, त्याला त्यात उपमा दिसत नसेल.

पाण्याचा आणखी एक पदर राजस्थानात सापडतो. गाडिया लोहारांची परंपरा सांगते की ते मेवाडच्या राणा घराण्याची शस्त्रे घडवीत. १५६८ च्या फेब्रुवारीत अकबराने चितोड जिंकला तेव्हा त्यांनी प्रतिज्ञा केली की गड मोकळा होईपर्यंत तिथे पाऊल ठेवणार नाही, छपराखाली राहणार नाही, खाटेवर निजणार नाही, रात्री दिवा लावणार नाही आणि विहिरीतून पाणी काढायला स्वतःचा दोर बाळगणार नाही. गाडीवर खाट असे, पण पालथी. ही कथा अक्षरशः तशीच घडली का, हे इतिहासकारांनी पाहावे. चार शतके ज्या शब्दाने माणसांना चालवले त्याचे वजन मला त्या चालण्यातच दिसते. पाचही नियमांत मी दोरापाशी थांबतो. छप्पर, खाट, दिवा यांच्यावाचून माणूस मानी राहू शकतो, किंबहुना अधिकच मानी होतो. पण ज्याच्यापाशी दोर नाही त्याला प्रत्येक गावच्या प्रत्येक विहिरीवर दुसऱ्या कोणाच्या तरी हाताकडे पाहावे लागते. पिण्याचे पाणी मागून, विझवण्याचेही मागून. ज्या पाण्याने तो पोलादाला कठीण करतो ते पाणी त्याचे स्वतःचे नसते. प्रतिज्ञा करणाऱ्यांनी जाणून केले की नकळत, देव जाणे, पण त्या कठोर व्रतात त्यांनी एक पाठ न बुडवता ठेवली होती, आणि माझी समजूत अशी की त्याच उबेने ते व्रत इतका काळ न मोडता टिकले.

६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडगडात गेले आणि प्रतिज्ञा पुरी झाली असे सांगण्यात आले. काहींनी याला केवळ सोहळा म्हटले, आणि त्यांचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही. कारण गडाचे दार उघडले तरी त्यानंतरही दिल्ली-जयपूरसारख्या शहरांच्या रस्त्याकडेला त्या गाड्या उभ्याच राहिल्या. कायमचा पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून कायमची जागा नाही, हा फेरा आपल्याकडच्या घिसाड्यांनाही पुरता ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे, परंतु यादीतल्या नावापासून दाखल्यापर्यंतची वाट बऱ्याच पालांना मोठी लांबची पडते. तरीही त्या दिवशी जे झाले ते मी व्रतभंग मानत नाही. चारशे वर्षे कडक राहिलेल्या शब्दाला उतार दिला गेला. तो योग्य रंगावर थांबवला गेला का, हा मात्र सरकारला विचारण्याचा प्रश्न आहे, लोहाराला नाही.

आता बाजारात या. गावचा लोहार बलुतेदार होता; त्याने दिलेले पाणी कच्चे निघाले तर शेतकरी दुसऱ्या दिवशी तोच विळा घेऊन त्याच्या दारात उभा, आणि सुगीला बलुते देताना हात आखडता. घिसाड्याला बलुते नव्हते. आज इथे, परवा पुढच्या आठवडी बाजाराच्या गावी, मोल रोख किंवा धान्यात, तिथल्या तिथे. आणि पाणी तर विकत घेताना दिसत नाही. पाण्याचे पाते आणि बिनपाण्याचे पाते चटईवर शेजारी मांडले तर दोन्ही सारखीच चकाकतात. जाणती बाई सुरी उचलून नखाने टिचकी मारते, नाद ऐकते, नवऱ्याला कानशीचा कोपरा धारेवर फिरवून पाहायला लावते, आणि इतके करूनही शेवटी तिला त्या माणसाच्या तोंडाकडे पाहूनच पैसे काढावे लागतात. फसवायला याहून सोयीचा धंदा नाही. तो उद्या इथे नसणार. आणि तरीही त्याचे फिरणे वाऱ्यावरचे नसते, दिवाळी उलटली की त्याच वाटेने, त्याच गावी, बहुधा त्याच झाडाखाली त्याचे पाल पडते, आणि गेल्या वर्षीची सुरी हातात घेऊन बाई समोर येते. न दिसणाऱ्या पाण्यावर न राहणाऱ्या माणसाचे नाव टिकून असते. आपण ज्याला श्रद्धा म्हणतो तिचा व्यवहार बव्हंशी असाच चालतो: आधी मोल द्यायचे, मग वापरात कळायचे.

त्याच्या गिऱ्हाइकांतही वाटेवरचे पुष्कळ. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणून मोजतात. उचल कोयत्यावर मिळते, काम कोयत्यावर धरले जाते. ऊस जमिनीसरसा तोडायचा असतो, साखर बुडख्यात अधिक, त्यामुळे पाते दर घावाला माती आणि खडे खाते, आणि पाणी कच्चे असेल तर दिवस अर्ध्यावर येण्याआधी हात भरून येतात. तेव्हा ज्यांना छप्पर नाही त्यांनी घडवलेल्या धारेवर, सहा महिने कोपीत राहणाऱ्यांची मजुरी अवलंबून असते. अलीकडे मोठ्या शहरांच्या बातम्यांत कोयता म्हटला की पोलीस आणि दहशत एवढेच आठवते, हे त्या कष्टांच्या हत्याराचे दुर्दैव. पाण्याने धार दिली. ती कशावर चालवायची ते पाणी सांगत नाही, ते सांगण्याचे काम आपल्या घरांचे आणि शाळांचे होते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पाण्याचा विषय पुरा होत नाही. पाणी फक्त कडेला दिलेले असते, पेरभर. सुरी वर्षानुवर्षे पाजवत गेले की ती कड झिजत मागे सरकते, आणि एक दिवस मऊ पाठ उघडी पडते. मग कितीही पाजवा, धार लागते आणि संध्याकाळपर्यंत जाते, आणि घरातले म्हणतात की सुरी म्हातारी झाली. तसेच कोणी उतावळेपणाने ती विजेच्या चाकावर धरली आणि कड निळी होईपर्यंत घासली, किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवली, तर पाणी उतरून जाते. अशा पात्याला फेकणारे पुष्कळ. पण फेकण्याचे कारण नाही, कारण पाठीत ज्या जातीचे पोलाद आहे तेच धारेत होते, कार्बन तितकाच आहे, त्याला पाणी मिळाले नव्हते इतकेच. घिसाडी ती सुरी हातात फिरवून पाहतो, मूठ ठोकून काढतो, पाते पुन्हा विस्तवात घालतो, दोन-चार घाव घालून कड नव्याने पातळ करतो आणि तेच दोन्ही पाण्यांचे काम पहिल्यापासून करतो. नव्या सुरीपेक्षा याचे पैसे कमी घेतो, बाईने घासाघीस केली तर आणखी थोडे सोडतो, आणि ती उठण्याआधी घरी अजून काही पाजवायचे पडले आहे का, विळी, खुरपे, अडकित्ता, एवढे विचारून घेतो.